जुन्या ड्रॅग रेसिंग गाडीचा फोटो कसा बघायचा : नवीन लोकांसाठी

माझ्याकडे एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो आहे, आठ बाय दहा इंचाचा, चकचकीत कागदावरचा. नोकरीसाठी काही वर्षं लॉस एंजेलिसच्या बाजूला होतो, तिथे पोमोनाला जुन्या गाड्यांचा आणि सुट्ट्या पार्ट्सचा मोठा बाजार भरतो, स्वॉप मीट म्हणतात, त्यात एका टेबलाखालच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात हा सापडला. फोटोत एक नुसता सांगाडा वाटावा अशी लांबुळकी गाडी आहे, पुढे सायकलसारखी दोन बारीक चाकं, मागे दोन जाड काळे टायर, मधे उघडंवाघडं इंजिन आणि ड्रायव्हर कुठे तर सगळ्याच्या शेवटी, मागच्या टायरच्याही मागे. त्याच्या पाठी पांढऱ्या धुराचा एवढा लोट की अर्धं आकाश झाकलंय. गाडीवरचं नाव हललंय, वाचता येत नाही. पाठीवर पेन्सिलने इंग्रजीत ‘रविवार, दुसरी फेरी’ एवढंच.

पहिल्यांदा बघितला तेव्हा धूर आवडला म्हणून घेतला. नंतर हळूहळू तो वाचायला शिकलो, आणि जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितोय, म्हणजे तुमच्या हाती किंवा स्क्रीनवर असा फोटो आला तर नुसतं ‘भारी आहे’ म्हणून पुढे जाऊ नका. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे : या गाड्यांवर रंग आणि क्रोम सोडलं तर शोभेचं काहीच नसतं. जे जे विचित्र दिसतं ते कुठल्यातरी अडचणीवर कुणीतरी गॅरेजमधे बसून काढलेलं उत्तर असतं. त्यामुळे प्रत्येक भागावर बोट ठेवून विचारायचं, हे इथे का आहे?

ज्यांना ड्रॅग रेसिंगच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या, सरळ रस्ता, पाव मैल म्हणजे १३२० फूट, आपल्या हिशोबात ४०२ मीटर. उभ्या जागेवरून सुटायचं आणि आधी पोचायचं, बस. वळण नाही, आणखी एक चक्कर मारून भरपाई करायची सोय नाही. ज्यांनी घाटातली बैलगाडा शर्यत किंवा विदर्भातला शंकरपट बघितलाय त्यांना यातली मजा समजावून सांगायची गरज नाही, सेकंदांवर निकाल आणि सगळी मेहनत त्या एका धावेत. दुसऱ्या महायुद्धाआधी कॅलिफोर्नियातली पोरं कोरड्या पडलेल्या तलावांच्या सपाट तळावर, म्युरॉक आणि एल मिराज अशा ठिकाणी, जुन्या फोर्ड गाड्या पळवायची. युद्धानंतर हे वेड शहरातल्या रस्त्यांवर आलं, अपघात व्हायला लागले, पोलीस मागे लागले, मग १९५० मधे सांता आनाच्या विमानतळावरच्या एका पट्टीवर तिकीट लावून रीतसर शर्यती सुरू झाल्या. १९५१ मधे वॉली पार्क्सने नॅशनल हॉट रॉड असोसिएशन काढली (हॉट रॉड म्हणजे वेगासाठी इंजिनाची ताकद वाढवलेली जुनी गाडी), आणि १९५५ मधे कॅन्ससमधल्या ग्रेट बेंडला तिची पहिली राष्ट्रीय शर्यत झाली, ती पावसाने अर्धवट राहिली आणि नोव्हेंबरात ॲरिझोनात जाऊन पूर्ण करावी लागली. एवढी पार्श्वभूमी पुरे.

आधी फोटो उलटा करा

गाडीकडे बघायच्या आधी कागदाकडे बघा. हात धुऊन, पुसून, फोटो कडांना धरायचा. मागे शिक्का आहे का, पेन्सिलचं काही आहे का, कागद जाड आहे की प्लास्टिकसारखा. कडा कात्रीने नागमोडी कापल्यासारख्या असतील तर बहुतेक १९४० किंवा ५० च्या दशकातला प्रिंट. चौकोनी रंगीत प्रिंट असेल तर कोडॅकच्या इन्स्टामॅटिक कॅमेऱ्याची शक्यता, आणि तो १९६३ मधे आला. ६० च्या दशकातल्या पुष्कळ रंगीत प्रिंटच्या पांढऱ्या पट्टीवर महिना आणि वर्ष छापलेलं असतं, पुठ्ठ्याच्या फ्रेममधल्या स्लाइडवर पण असतं, पण ती तारीख फिल्म धुतल्याची किंवा प्रिंट काढल्याची, फोटो काढल्याची नाही. लोक उन्हाळ्यातला रोल नाताळपर्यंत कॅमेऱ्यातच ठेवायचे, त्यामुळे दोनचार महिने मागेपुढे धरून चाला.

रंगाबद्दल एक. जुने रंगीत प्रिंट लालसर होतात, त्यामुळे आज नारिंगी दिसणारी गाडी त्या दिवशी पिवळी असू शकते. कोडाक्रोम स्लाइडचे रंग मात्र अंधारात ठेवल्या असतील तर अजून ताजे असतात, तिथे लाल म्हणजे लालच. आणि हल्ली नेटवर जे जुने फोटो रंगवून टाकलेले असतात त्यांच्या रंगावरून काहीही ठरवू नका, मशीनने अंदाजाने भरलेले रंग आहेत ते.

ओल्या फडक्याने फोटो कधी पुसू नका. मी एक पुसलाय, वरचा थर बोटाला चिकटून आला आणि ड्रायव्हरचा चेहरा गेला, तो परत येत नाही. लॅमिनेशन नको, सेलोटेप नको, मागे बॉलपेनने लिहायचं नाही, मऊ पेन्सिलने हलक्या हाताने लिहा. पुण्या-मुंबईच्या पावसाळ्यात तर फोटो फ्रेमच्या काचेला थेट टेकू देऊ नका, दमटपणाने तो काचेला चिकटतो आणि काढताना फाटतो, मधे पुठ्ठ्याची पट्टी ठेवा. मग दोन्ही बाजू स्कॅन करा, ६०० डीपीआयच्या खाली नको, आणि पुढचं सगळं निरीक्षण स्कॅनवर करा. मूळ प्रिंट पाकिटात.

गाडी कुठल्या जातीची

हे एकदा कळलं की निम्मं काम होतं. साधी शोरूमची गाडी दिसतेय, पण मागचे टायर रुंद आणि काचेवर पांढऱ्या बूट पॉलिशने अक्षरं लिहिलीत, तर ती स्टॉक किंवा सुपर स्टॉक. १९४१ ची विलीज किंवा छोटी इंग्लिश अँग्लिया, नाक वर उचललेलं, पुढे सरळ लोखंडी ॲक्सल, तर ती गॅसर. नाक वर कशाला, तर सुटताना वजन मागे जावं आणि मागचे टायर जमिनीला घट्ट दाबले जावेत म्हणून. नेहमीच्या गाडीसारखी बॉडी आहे पण सगळी बॉडी एका तुकड्यात फायबरग्लासची, पुढून झाकणासारखी उचलता येते, तर ती फनी कार, आणि तशी उघडणारी बॉडी दिसली की फोटो १९६६ किंवा त्यानंतरचा. बॉडीच नाही, नुसते पाइप, तर ड्रॅगस्टर.

अक्षरांचा अर्थ लावायला जमतो. पहिलं अक्षर वजन आणि इंजिनाचं प्रमाण सांगतं, तिरक्या रेघेनंतरचं जात सांगतं. ए/एफएक्स म्हणजे फॅक्टरी एक्सपेरिमेंटल, एए/एफडी म्हणजे सुपरचार्जर (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) लावलेली फ्युएल ड्रॅगस्टर. ‘गॅस’ म्हणजे पंपावरचं पेट्रोल, ‘फ्युएल’ म्हणजे बहुतेक वेळा नायट्रोमिथेन. हा फरक लक्षात ठेवा कारण १९५७ ते १९६३ या काळात नॅशनल हॉट रॉड असोसिएशनने आपल्या शर्यतींत नायट्रोला बंदी घातली होती. बाकीच्या आयोजकांच्या पट्ट्यांवर ते चालायचं. त्या वर्षांतल्या फोटोंत दोन दोन इंजिनं लावलेल्या गाड्या दिसतात, टॉमी आयव्हो नावाच्या ड्रायव्हरने तर चार ब्युइक इंजिनांची गाडी बांधली, दोन इंजिनं पुढची चाकं फिरवायला आणि दोन मागची. नायट्रोने मिळणारी ताकद बंद झाली तर इंजिनं वाढवा! बघा, इथे पण तेच, विचित्र दिसतंय म्हणजे मागे अडचण आहे.

नायट्रोची गंमत अशी की त्याच्या रेणूतच ऑक्सिजन असतो. पेट्रोलचा एक भाग जाळायला जवळपास पंधरा भाग हवा लागते, नायट्रोला दोनाच्या आत भागते, म्हणून तेवढ्याच सिलिंडरमधे कितीतरी जास्त इंधन कोंबता येतं. रात्रीच्या फोटोत पाइपांच्या टोकाशी उंच ज्वाळा दिसल्या तर गाडी फ्युएलवर आहे असं बहुतेक धरा.

मागच्या टायरपासून सुरुवात

नवीन माणूस आधी इंजिन बघतो, मी पण तेच करायचो. पण ड्रॅग रेसिंगचा सगळा प्रश्न टायर आणि रस्ता भेटतात तिथे आहे, तळहाताएवढ्या थोड्या जागेवर. ताकद कितीही असू दे, ती जमिनीला पोचली नाही तर नुसता धूर.

म्हणून टायर गुळगुळीत. नक्षी ही पाणी बाहेर काढायला असते, कोरड्या पट्टीवर तिचा उपयोग नाही, तिथे जितकं रबर टेकेल तितकं चांगलं. टायरची बाजू बघा. सुटताना ती चुरगळल्यासारखी, सुरकुत्या पडल्यासारखी दिसत असेल तर हवा कमी ठेवलेले मऊ टायर, हे ६० च्या दशकाच्या मध्यापासूनचे. माझ्या फोटोत बाजू ताठ आहे, त्यामुळे मी त्याआधीचा काळ धरला.

आता तो धूर. आजच्या शर्यतीत गाडी सुटायच्या आधी पाण्यात चाकं फिरवून टायर गरम करते, त्याचा धूर वेगळा, गाडी जवळजवळ जागेवर असते आणि समोर शर्यतीचा ताण नसतो. ६० च्या दशकातल्या फोटोत गाडी शर्यतीतच, पट्टीच्या मध्यावरसुद्धा, धूर सोडत चाललेली दिसते. कारण बऱ्याच ड्रॅगस्टरना गिअरबॉक्सच नव्हता, इंजिन, क्लच आणि थेट मागचा ॲक्सल, एकच गिअर. क्लच सोडला की टायर फिरायला लागायचे आणि ते घसरणंच गिअरचं काम करायचं, जसजसा गाडीचा वेग वाढेल तसतसं घसरणं कमी. म्हणजे तो पांढरा लोट हा मुद्दाम जाळलेला टायर आहे, आणि ड्रायव्हर उजव्या पायाने तो किती जाळायचा हे ठरवतोय. पुढे नेमून दिल्यासारखा घसरणारा क्लच आला आणि पट्टीभर धूर दिसेनासा झाला. हे कळल्यावर मी माझा फोटो परत काढून बघितला आणि धुराची जाडी किती बदलते ते बघत बसलो, सुरुवातीला दाट आणि गाडीजवळ येता येता पातळ, म्हणजे क्लिक झालं त्या क्षणी टायर पकड घ्यायला लागले होते!

इंजिन ओळखायचं

भिंग घ्या. अमेरिकन व्ही-८ इंजिनं लांबून सारखी दिसतात, पण टॅपेट कव्हरवरून लगेच वेगळी काढता येतात.

वर कव्हरच नाही, सपाट झाकण आणि त्यावर नटांच्या रांगा, तर फोर्डचं फ्लॅटहेड, १९३२ पासूनचं, सगळ्या हॉट रॉडिंगची सुरुवात ज्याच्यावर झाली ते. अरुंद कव्हर आणि स्पार्क प्लग खाली एक्झॉस्टच्या पाइपांजवळ लपलेले, तर शेवरलेचं छोटं व्ही-८, १९५५ पासूनचं, हलकं आणि पार्ट्स कुठेही मिळणारं. आणि चांगलं रुंद कव्हर, प्लगच्या वायरी थेट त्या कव्हरच्या मधोमध आत शिरलेल्या, तर ते क्रायस्लरचं हेमी. ड्रॅगस्टरच्या फोटोत हेच सगळ्यात जास्त भेटतं.

हेमी १९५१ मधे आलं ते श्रीमंतांच्या जड सेडान गाड्यांसाठी. १९५७-५८ चं ३९२ घनइंचाचं मॉडेल तर ड्रॅगवाल्यांचं लाडकं. क्रायस्लरने १९५८ नंतर ते बनवणं थांबवलं, पण तोपर्यंत त्या सेडान अपघातात सापडून भंगारात यायला लागल्या होत्या, आणि कुठल्याही भंगारवाल्याकडून ते इंजिन परवडत होतं. अर्धगोल आकाराच्या ज्वलनकक्षामुळे मोठे व्हॉल्व्ह बसतात, हवा सरळ आतबाहेर जाते, आणि ते धड इतकं दणकट की सुपरचार्जरचा मार सोसतं. १९६४ मधे ४२६ घनइंचाचं नवीन हेमी आलं तरी पुष्कळ लोक बरीच वर्षं जुन्या ३९२ लाच चिकटून होते.

इंजिनच्या वर जो पन्हाळीसारख्या खाचांचा डबा दिसतो तो सुपरचार्जर, लोक ब्लोअर म्हणतात. मला या सगळ्या फोटोंमधला सगळ्यात सुंदर भाग हाच वाटतो, त्याचं कारण त्याची कहाणी. हा ब्लोअर शर्यतीसाठी बनलाच नव्हता. जनरल मोटर्सच्या ६-७१ नावाच्या दोन स्ट्रोकच्या डिझेल इंजिनाचा तो भाग, ६ सिलिंडर आणि प्रत्येक ७१ घनइंचाचा म्हणून ६-७१. दोन स्ट्रोकच्या डिझेलला जळलेली हवा बाहेर ढकलून ताजी आत भरायला असा पंखा लागतोच. ही इंजिनं महायुद्धात सैनिक किनाऱ्यावर उतरवणाऱ्या बोटींत होती, शर्मन रणगाड्याच्या एका प्रकारात तर दोन दोन जोडलेली होती, आणि युद्धानंतर ट्रक-बसमधे. म्हणजे ट्रकचा ब्लोअर, सेडानचं इंजिन, कुठल्यातरी जुन्या गाडीचा मागचा ॲक्सल, आणि हे सगळं वेल्डिंगने जोडलेल्या पाइपांवर. फोटोत हे जोड बघायला शिका, कुठला भाग कुठल्या कामासाठी जन्माला आला आणि इथे काय करतोय.

ब्लोअर इंजिनच्या वर न बसता पुढे, गाडीच्या नाकाकडे बसवलेला असेल तर तो थेट क्रँकशाफ्टवरून फिरतोय, ही पद्धत ५० च्या शेवटी आणि ६० च्या सुरुवातीला जास्त दिसते. वर असेल तर पट्टा बघा, दातेरी रुंद पट्टा आहे की साखळी. सगळ्यात वर हवा घेणारं तोंड असतं, माझ्या फोटोत चार गोल भोकांचं आहे, हिलबॉर्नच्या इंजेक्शनचं.

मग एक्झॉस्ट. पाइप खाली किंवा मागे जमिनीकडे वळलेले असतील तर जुनी पद्धत. टोकं वर आणि मागे, टायरच्या डोक्यावरून गेलेली, तर त्यांना झूमी म्हणतात, ती साधारण १९६४ च्या आसपास सगळीकडे दिसायला लागली, त्याने धूर टायरपासून उडतो आणि वर सुटणारा जोर गाडीला थोडा खाली दाबतो. पाइप मोजा पण. व्ही-८ ला एका बाजूला चारच असतात, फक्त फोर्डच्या फ्लॅटहेडला तीन असू शकतात. दुसऱ्या व्ही-८ ला तीन किंवा कुठल्याही व्ही-८ ला पाच दिसले तर फोटो मशीनने बनवलेला असण्याची दाट शंका घ्या, नेटवर असले खूप फिरतात.

माणूस

आता त्या मागे बसलेल्या माणसाकडे या. या रचनेला स्लिंगशॉट म्हणतात, बेचकीत दगड ठेवतात तसा ड्रायव्हर गाडीच्या टोकाला टांगलेला. १९५४ मधल्या मिकी थॉम्पसनच्या गाडीला याचं श्रेय देतात. का मागे, तर इंजिन जितकं मागे सरकवता येईल तितकं टायरवर वजन येतं, आणि इंजिन मागे सरकलं की माणसाला बसायला ॲक्सलच्या मागेच जागा उरते. त्याचे पाय ॲक्सलवरून पुढे, डिफरन्शियल मांड्यांच्या मधे, पावलांजवळ क्लच, तोंडासमोर ब्लोअर. काहीही फुटलं तरी त्याच्याच अंगावर.

हे वाचून झाल्यावर फोटोतले कपडे बघा. ५० च्या दशकात टीशर्ट आणि जीन्स. मग चामड्याचं जाकीट. ६० च्या दशकात चंदेरी ॲल्युमिनियमचा थर दिलेला आगीचा सूट आणि नाकातोंडावर मास्क. ७० च्या आसपासपासून पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट. माझ्या फोटोत जाकीट, उघड्या तोंडाचं हेल्मेट आणि तेलाचे शिंतोडे चुकवायला गॉगल. डोक्यामागे लोखंडी कमान, तिच्याखाली पॅराशूटचं गाठोडं, ते ६० च्या सुरुवातीपासून सर्रास दिसतं, कारण पुढच्या त्या बारीक चाकांना ब्रेक नसायचे.

ही रचना का गेली ते पण सांगतो. फ्लोरिडाच्या डॉन गार्लिट्स या ड्रायव्हरने १ ऑगस्ट १९६४ ला न्यू जर्सीतल्या आयलंड ड्रॅगवेवर स्लिंगशॉटने पाव मैल ७.७८ सेकंदांत कापला, शेवटी वेग ताशी २०१.३४ मैल, म्हणजे ३२४ किलोमीटर. त्याच गार्लिट्सच्या गाडीची गिअर यंत्रणा ८ मार्च १९७० ला लाँग बीचजवळच्या लायन्स पट्टीवर, सुटण्याच्या रेषेवरच फुटली. गाडीचे दोन तुकडे झाले आणि त्याच्या उजव्या पावलाचा पुढचा भाग गेला. पुढच्या वर्षी तो इंजिन ड्रायव्हरच्या मागे असलेली गाडी घेऊन पोमोनाच्या विंटरनॅशनल्स या राष्ट्रीय शर्यतीला आला आणि जिंकला, आणि दोनतीन वर्षांत वरच्या वर्गातून पुढे इंजिन असलेल्या गाड्या जवळजवळ संपल्या. म्हणून ड्रॅगस्टरमधे इंजिन ड्रायव्हरच्या पुढे आहे की मागे हा तारखेचा मोठा पुरावा आहे. माझ्यासाठी तो पुराव्याहून जास्त आहे. स्लिंगशॉटचा फोटो समोर आला की मी आधी पावलं कुठे असतील ती जागा शोधतो.

गाडी सोडून बाकीचं बघा

तारीख बहुतेक वेळा गाडीत सापडत नाही, मागच्या गर्दीत सापडते. सुटण्याच्या रेषेवर झेंडा घेतलेला माणूस आहे की दिव्यांचा खांब? दिव्यांचा खांब, ज्याला ख्रिसमस ट्री म्हणतात, तो राष्ट्रीय शर्यतीत १९६३ ला आला. खांब दिसला तर १९६३ च्या आधीचा नाही. झेंडेवाला दिसला तर मात्र घाई करू नका, लहान पट्ट्यांवर तो नंतरही होता.

हा नियम सगळीकडे लागू आहे आणि नवीन लोक इथेच चुकतात : कुठलीही वस्तू ती कधीपासून आली ते सांगते, कधीपर्यंत वापरली ते सांगत नाही. क्रेगरचं ते प्रसिद्ध पाच आऱ्यांचं क्रोम चाक १९६४ ला आलं, म्हणून ते दिसलं की १९६४ किंवा नंतर. पण जुनी चाकं दिसली म्हणून फोटो जुनाच असं नाही, पैसे नसतील तर माणूस आठ वर्षं तीच चाकं वापरतो.

म्हणून पार्किंगमधल्या गाड्या मोजा आणि त्यांतली सगळ्यात नवीन शोधा. १९५९ ची कॅडिलॅक तिच्या उंच शेपट्यांवरून कुणालाही ओळखता येते. फोर्ड मस्टँग दिसली तर एप्रिल १९६४ नंतरचा. ड्रॅगस्टरना स्टार्टर नसायचा, मागून दुसरी गाडी ढकलून सुरू करायची, ती ढकलणारी गाडी कोपऱ्यात असते आणि तिला नंबरप्लेट असते. कॅलिफोर्नियाच्या प्लेटा १९५६ पासून पिवळ्यावर काळी अक्षरं अशा होत्या, १९६३ पासून काळ्यावर पिवळी, ७० च्या सुमाराला निळ्यावर पिवळी. ब्लॅक अँड व्हाइटमधे सुद्धा फिकट प्लेटवर गडद अक्षरं की गडद प्लेटवर फिकट, हे दिसतंच. माझ्या फोटोत धुराच्या कडेला एका स्टेशन वॅगनचं मागचं टोक आहे आणि तिची प्लेट फिकट. हे मला स्कॅन मोठा केल्यावर, फोटो घेऊन वर्ष होत आल्यावर दिसलं, त्या दिवशी रात्री झोप आली नाही.

फोटो काढणारा कुठे उभा होता

हे शेवटी बघा पण बघा नक्की. कॅमेऱ्याची उंची गाडीच्या इंजिनाएवढी असेल तर माणूस गुडघ्यावर बसलाय. मधे कठडा दिसत नाही म्हणजे तो कठड्याच्या आत, पट्टीच्या कडेला आहे, तेव्हा ते चालायचं. गाडी स्पष्ट आणि मागची माणसं पुसट, आडव्या रेघांसारखी, तर त्याने गाडीबरोबर कॅमेरा फिरवलाय. चाकं गोल न दिसता पुढे कलंडलेली, लंबगोल दिसतात का? मोठ्या प्रेस कॅमेऱ्यांत शटरची फट फिल्मवरून सरकत जायची, ती सरकेपर्यंत गाडी पुढे गेलेली असायची, त्यामुळे चाक तिरकं उमटायचं. तो दोष नाही, वेगाची खूण आहे, ती फोटोशॉपमधे सरळ करू नका.

शेवटी लिहून ठेवा

एक साधी वही किंवा फाइल. दोन रकाने, एकात जे दिसतं ते, दुसऱ्यात त्यावरून काय ठरतं ते. माझ्या फोटोचं असं झालं : पॅराशूट, म्हणून ६० च्या आसपास किंवा नंतर. एक्झॉस्ट खाली वळलेले, टायरची बाजू ताठ, झेंडेवाला, हे सगळं जुन्याकडे झुकणारं. फिकट नंबरप्लेट, म्हणजे कॅलिफोर्नियाची असेल तर १९६३ च्या आधी दिलेली. एकेक पुरावा कच्चा आहे पण सगळे एकाच बाजूला बोट दाखवतात, म्हणून मी मागे पेन्सिलने ‘१९६०-६३?’ लिहिलं. प्रश्नचिन्ह गाळू नका. तुम्ही आत्मविश्वासाने लिहिलेलं चुकीचं वर्ष पुढचा माणूस खरं धरून चालतो आणि मग ते कायमचं चिकटतं. नाव ओळखता आलं नाही तर गाडीला प्रसिद्ध माणसाचं नाव लावू नका, बहुतेक गाड्या गावातल्या दोनचार मित्रांनी पगारातून बांधलेल्या असायच्या, त्यांना त्यांच्या नावाची जागा मोकळी राहू द्या.

ठिकाणासाठी क्षितिज बघा. झाडं तुटतात, इमारती बदलतात, डोंगराची रेघ बदलत नाही. पोमोनाच्या मागे सॅन गॅब्रिएलचे डोंगर दिसतात, माझ्या फोटोत धुराच्या डाव्या कडेला एका चढाची जेमतेम दोन सेंटिमीटर रेघ आहे. ती मी ट्रेसिंग पेपरवर उतरवून घेतलीय आणि त्या काळातल्या वेगवेगळ्या पट्ट्यांच्या फोटोंवर ठेवून बघतोय. अजून एकावरही बसलेली नाही, म्हणून पाठीवर वर्षाच्या खाली ठिकाणाची ओळ कोरी आहे.